हिलालआप्पा डोळे मिटून जागे असतात

सोसायटीची पाण्याची मोटर चोरीला गेली ती भरदुपारी दोनच्या सुमाराला, आणि हिलालआप्पा बोरसे ज्या खाटेवर पडले होते त्या खाटेपासून सात हातांवरून. चोरांनी चार बोल्ट सोडवले, पाइप कापला, मोटर उचलून हातगाडीवर टाकली आणि जाताना फाटक ओढून घेतलं. यातलं शेवटचं आप्पांना फार लागलं. फाटक ओढून घेत चला, असं ते सोसायटीतल्या लोकांना अकरा वर्षं सांगत होते आणि आजवर एकानंही ते ऐकलं नव्हतं.

सुरतेच्या लिंबायतमधल्या त्या चोवीस घरांच्या सोसायटीत दुपारी एक ते चार कोणी आवाज करायचा नाही, असा नियम होता. नियम आप्पांचा. कारण आप्पांना झोप येत नसे. ज्याला झोप येतच नाही त्याच्यासाठी आपण गप्प कशाला राहायचं, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. सोसायटीत तो कोणाला पडला नाही. आप्पांचं म्हणणं असं, की अकरा वर्षांत त्यांच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. ते फक्त डोळे मिटून पडतात. शांतता असली तर एखादे दिवशी लागेलही, तेवढी संधी समाजानं त्यांना द्यावी. समाज बिचारा देत होता. सून सुषमा पिको-फॉलचं मशीन चार वाजल्यानंतर चालवी. पोरं खेळायला रुळापलीकडे जात. आणि बायको उषाबाई, तिनं अकरा वर्षांत एक ते चारच्या दरम्यान कुकर लावला नव्हता. चुकून कधी शिट्टी झालीच तर आप्पा आपल्या खानदेशी अहिराणीत खाटेवरून विव्हळत, "आत्तेच लागत व्हता! आत्तेच लागत व्हता डोळा!" आणि तो न लागलेला डोळा पुढे दोन दिवस घरात गाजत राही.

आप्पा घोरतात हे गल्लीत कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पण त्यावर आप्पांचं उत्तर तयार असे. ते घोरणं नव्हे, तो श्वास. लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, एकतीस वर्षं धूळ खाल्लेल्या माणसाचा श्वास तसाच चालतो म्हणे.

तर मोटर गेली आणि संध्याकाळी मीटिंग बसली. चेअरमन होते बाबुराव ढगे, परभणीकडचे. पूर्वी बांधकामावर मुकादम, आता सेंट्रिंगच्या फळ्या भाड्यानं देत. चेअरमन झाल्यापासून ते बसताना आधी खुर्ची झटकत आणि मग इकडेतिकडे पाहत, कोणी पाहिलं का म्हणून.

"आप्पा," बाबुराव म्हणाले, "तुमच्यापायी समदी गल्ली दुपारी गप राहायली. चोरायनंबी तुमचा नियम पाळला की हो!"

लोक हसले. हसणाऱ्यांत आप्पांची सूनही होती, हे आप्पांनी टिपून ठेवलं.

"मी झोपेल नव्हतू," आप्पा म्हणाले.

"मग चोर धरला का नाही?"

"मले वाटनं, मोटर रिपेअरवाला शे. बोल्ट सोडाना आवाज ऐकू उना मले."

"बघितलं का मग त्याला?"

"डोळा मिटेल व्हतात."

"म्हंजी झोपलाच होता की!"

"डोळा मिटीसन जागा व्हतू!" आप्पा असे ओरडले की दोन घरांतली बाळं उठली.

आता इथे दोनच वाटा होत्या. झोपलो होतो म्हणावं, तर अकरा वर्षांचा शब्द खोटा. जागा होतो म्हणावं, तर मोटर डोळ्यांदेखत, निदान कानांदेखत जाऊ दिली. साधा माणूस यातली लहान लाज पत्करतो, "लागला हो डोळा, वय झालं" म्हणतो आणि चहा पिऊन विषय संपवतो. आप्पा साधे नव्हते. त्यांनी दोन्ही लाजा नाकारल्या आणि तिसऱ्या, मोठ्या लाजेच्या शोधात निघाले.

पोलीस चौकीतल्या हवालदारानं जबाबाचा कागद पुढे ओढला आणि जागे होतात की झोपेत, ते गुजरातीत विचारलं. "जागता हता के ऊंघता हता?"

आप्पांनी गुजरातीत सांगितलं, की डोळे मिटून जागे होते.

असं काही लिहिता येत नाही म्हणून हवालदारानं पेन खाली ठेवलं. "काका, एवुं लखाय नहीं. एक बोलो."

आप्पांनी एक काही सांगितलं नाही. मग जबाब अर्धवट राहिला. मोटरचा विमा होता. विमेवाल्यांना पोलिसांचा कागद हवा, पोलिसांना आप्पांचा जबाब हवा आणि आप्पांना त्यांचा शब्द हवा. तोवर चोवीस घरच्या बायका कोपऱ्यावरच्या नळावरून हंडे वाहू लागल्या आणि प्रत्येक हंड्यामागे आप्पांचं नाव घेऊ लागल्या. उषाबाईही त्यांच्यातच होती, फक्त ती नाव घेत नव्हती.

सल्ले देणाऱ्यांना मात्र दिवाळी आली. समोरच्या मंगलाबाई म्हणाल्या, देवाची शपथ घ्या. कोणी म्हणालं, पुन्हा एक मोटर ठेवून पाहू, जाते का. नऊ नंबरच्या धर्मेंद्रनं तेवढं कामाचं सांगितलं. हा धर्मेंद्र एका डोक्याच्या डॉक्टरकडे मशीन चालवायला होता. डॉक्टरांकडे असं यंत्र होतं, की माणसाच्या डोक्याला वायरी चिकटवल्या की आत काय चाललंय ते आठ पेनी कागदावर काढत जातात. जागा आहे, पेंगतोय, की गाढ झोपलाय, सगळं त्या रेघांवरून कळतं.

"बस!" आप्पा म्हणाले. "यंत्रच सांगीन आते. पण एकला मी नही. चेअरमनबी येई मन्हासंगे. फळीले टेकीसन दुकानमा दुपारी काय करस तो, ते दुनियाले माहीत शे."

"म्या उभ्या जल्मात दिवसा झोपलो नाही!" बाबुराव खुर्चीतून उठले.

मग भर मीटिंगमध्ये ठरलं. आप्पा झोपलेले निघाले, तर एक ते चारचा नियम रद्द आणि आप्पांनी चौकीत जाऊन तसा जबाब द्यायचा. बाबुराव झोपलेले निघाले, तर त्यांनी चेअरमनकी सोडायची. एका मोटरीपायी दोन म्हातारे आपापलं डोकं पणाला लावत होते, आणि बाकीचे बावीस घरचे लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्यांना खर्च येत नाही.

डॉक्टर जरीवाला तरुण होते आणि त्यांचं यंत्र त्यांच्याहून म्हातारं होतं, कुठूनतरी वापरलेलं आणलेलं. आणून तीन महिने झाले होते आणि त्यावर आजवर दोन माणसं झोपली होती, त्यांतला एक त्यांचा कंपाउंडर. त्यामुळे दोन धडधाकट म्हातारे आपल्या पायांनी चालत आले याचा त्यांना फार आनंद झाला. "काका, मशीन झूठ नहीं बोलती," ते म्हणाले, आणि फीसुद्धा घेणार नाही म्हणाले. सुरतेत कोणी फी घेत नाही म्हणाला की समजावं, अजून त्याला काम येत नाही.

मंगळवारी आप्पांचा नंबर लागला. टाळूवर, कानामागं, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली धर्मेंद्रनं पांढरा चिकट लेप लावून वायरी बसवल्या. आप्पा एक वाजता आडवे झाले आणि चार वाजता उठले. उठल्यावर त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, "पाह्यं? एक मिनिटबी लागना नही." धर्मेंद्र काही बोलला नाही. टेक्निशियननं बोलायचं नसतं, असं त्याला शिकवलं होतं, आणि शिवाय त्याला त्याच सोसायटीत राहायचं होतं. तो लेप पुढे आठवडाभर निघाला नाही. साबण झाला, खोबरेल झालं, मंगलाबाईंच्या सांगण्यावरून रॉकेलही झालं. आप्पा डोक्यावर उभे केस घेऊन भाजी आणायला जात आणि भाजीवाली त्यांना वजनात जास्त देई.

बुधवारी बाबुराव आडवे झाले. वायरींतून करंट येईल या भीतीनं त्यांनी तीन तास पलंगाची लोखंडी कड धरून ठेवली होती आणि तोंडानं मारुतीस्तोत्र चालू होतं. मुकादमकीत असताना त्यांनी दुसऱ्यांना उघड्या वायरींवर कामाला लावलं होतं, म्हणून त्यांना करंट चांगला ठाऊक होता.

मग खरी अडचण कळली. यंत्र रेघा काढतं, पण रेघांचा अर्थ सांगत नाही. कागदाचं एक पान म्हणजे अर्धं मिनिट. तीन तासांची तीनशे साठ पानं. प्रत्येक पानावर माणसानं नजर फिरवून आकडा टाकायचा: जागा असेल तर शून्य, पेंगला तर एक, मग झोप गाढ होत जाईल तसं दोन, तीन, चार, आणि स्वप्न असेल तर तसं. अर्ध्याहून जास्त पानावर जे असेल तेच त्या पानाचं. दोघांची मिळून सातशे वीस पानं. डॉक्टर म्हणाले, महिना लागेल. महिनाभर हंडे वाहायचे या कल्पनेनं बाबुरावांच्या घरून त्यांना निरोप आला, की निकाल लागेपर्यंत दुकानातच जेवा.

पण आप्पा त्या कागदाकडे बघत होते. घडीवर घडी पडलेला, एकसलग, हातभर जाडीचा गठ्ठा. आप्पा एकतीस वर्षं खात्यात चेकर होते. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका टेबलावर ओढत न्यायचा आणि त्यातला दोष टिपायचा, हे त्यांचं काम. कुठं तार तुटली, कुठं पट्टी आली, कुठं ताणा ढिला पडला, ते त्यांना चालत्या कापडात दिसे. त्यांनी कागद दोन हातांत धरला, उजेडाकडे तिरका केला आणि म्हणाले, "डॉक्टर, मले सांगा. मी तपासस."

डॉक्टर आधी हसले, आणि एका तासानं हसायचे थांबले. डोळे मिटून जागा असलेला माणूस बारीक, एकसारख्या लहरी काढतो. आप्पा म्हणाले, हे प्लेन कापड. पेंग आली की ती वीण विसकटते. दुसऱ्या पायरीला मध्येच एक दाट झुबका येतो, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता. डॉक्टर म्हणाले, याला स्पिंडल म्हणतात. आप्पांना कोण आनंद झाला. स्पिंडल त्यांच्याच धंद्यातला शब्द! डोक्याच्या डॉक्टरांनीसुद्धा शेवटी सूतगिरणीतून उसनं घेतलं तर. गाढ झोपेत लहरी मोठ्या आणि संथ होतात. तो ढिला ताणा. आणि डोळ्यांच्या दोन पेनी एकमेकींविरुद्ध झपझप धावू लागल्या, हनुवटीची पेन सपाट पडली, की माणूस स्वप्नात. कंपाउंडरचा जुना कागद आप्पांनी दीड तासात तपासला आणि डॉक्टरांच्या चार चुका काढल्या. डॉक्टरांनी त्या मान्य केल्या, यावरूनच ते नवे होते हे कळतं.

मात्र आप्पांचा एक नियम होता. आपला ताका आपण तपासायचा नाही. या नियमाला कारण होतं, आणि ते कारण उषाबाईचा भाऊ आनंदा.

आनंदा त्याच खात्यात लूम चालवायचा. शहाऐंशी साली त्याचे तीन ताके आप्पांच्या टेबलावर आले. तिन्हींत तारा तुटलेल्या. आप्पांनी तिन्ही परत धाडले. शेठनं आनंदाला काढून टाकलं. तो पारोळ्याला गेला तो गेलाच. राखीला आला नाही, भाऊबीजेला आला नाही. लोक म्हणाले, हिलालनं इमान दाखवायला मेव्हण्याचा बळी दिला. उषाबाई तेव्हा एकदाच म्हणाली, "दुनियाना ताका पास व्हतस, आनि तुमनी नजर मन्हा भाऊवरच पडनी!" त्यानंतर आप्पांनी शेठकडे धरणं धरून नवी पद्धत सुरू करवली: ताक्यावरचं विणणाऱ्याचं नाव कापून टाकायचं, नुसता नंबर टाकायचा, आणि आपल्या माणसाचा माल आपण तपासायचा नाही. त्याच वर्षापासून आप्पांची झोप गेली. या दोन गोष्टींचा काही संबंध असावा, असं आप्पा कधी म्हणाले नाहीत. ते मंगलाबाईंच्या पिठाच्या चक्कीला दोष देत.

तर आप्पांनी दवाखान्यातही तोच कायदा लावला. नावं कापा, नंबर टाका. पहिला नंबर माझा, दुसरा चेअरमनचा. माझा डॉक्टर तपासतील, चेअरमनचा मी. धर्मेंद्र आज्ञाधारक होता. त्यानं दोन्ही गठ्ठ्यांवरच्या नावा-तारखेच्या पट्ट्या कात्रीनं कापल्या, टोपलीत टाकल्या, आणि मग नंबर टाकायला पेन शोधत आत गेला.

रविवारी दुपारी दोन वाजता निकाल होता. एक ते चारचा नियम त्या दिवसापुरता आप्पांनी स्वतःच उठवला. बाबुरावांच्याच दोन फळ्या दोन पिंपांवर टाकून चेकिंगचं टेबल केलं. सुषमा पाटी-पेन्सिल घेऊन आकडे लिहायला बसली. बायका हंडे खाली ठेवून बसल्या. धर्मेंद्र सायकलवर येऊन गठ्ठा आणि डॉक्टरांचा लिफाफा देऊन गेला, कारण रविवारी त्याला पलसाण्याला सासुरवाडीला जायचं होतं.

आधी लिफाफा फोडला. सुषमानं वाचला. नंबर एक: तीन तास पूर्ण जागे. एकही पान झोपेचं नाही.

काय ते आप्पांचं तोंड! त्यांनी उभ्या केसांवरून हात फिरवला आणि एकेका घराकडे पाहिलं. कुकर, पिको-फॉल, क्रिकेट, सगळ्यांचा हिशोब त्या नजरेत चुकता होत होता. उषाबाईनं पदर तोंडाला लावला. आपला नवरा अकरा वर्षं खरंच झोपला नाही, आणि आपण मनातून त्याला ढोंगी म्हणत होतो, हे तिच्या जिवाला लागलं.

"आते," आप्पा म्हणाले, "चेअरमनसाहेबना ताका लेऊत."

कागद फळ्यांवरून सरकू लागला. पहिली सतरा पानं शून्य. अठराव्यावर वीण विसकटली. "एक!" आप्पा म्हणाले, "पेंगना! आठ मिनिटमा पेंगना!" चोविसाव्या पानावर त्यांनी बोट आपटलं. "हाई देखा, स्पिंडल! दोन!"

"म्या झोपलो नाही," बाबुराव म्हणाले.

"यंत्र खोटं बोलत नही, चेअरमन."

"जागाच होतो म्हणायलो ना! स्तोत्र म्हणत होतो!"

"झोपमा म्हणेल असशी."

पंचेचाळिसाव्या पानापासून ताणा ढिला पडला. तीन, चार, चार, चार. आप्पांची जीभ सुटली. हा पाहा गल्लीचा राखणदार. असा माणूस मले झोपाळू म्हणस. म्हैस पाण्यात बसल्यावरही इतकी ढिली पडत नाही. याच्या खाटेखालून मोटर काय, खाट नेली असती तर याला कळलं नसतं. प्रत्येक वाक्याला लोक हसत होते, आणि आप्पांना उशिरा का होईना, आपण विनोदी आहोत असं वाटू लागलं. शंभर पानांच्या पुढे गल्लीलाही विद्या आली. सुषमा पाटीवरून मान वर करून "स्पिंडल!" ओरडे, मंगलाबाई "ढिला, ढिला!" म्हणत. बाबुराव तोंड पाडून बसले होते. पण मुकादमाची नजर. तेही कागद पाहत होते आणि गुपचूप शिकत होते.

दोनशे पाचाव्या पानापासून डोळ्यांच्या पेनी धावू लागल्या.

"सपन!" मंगलाबाई ओरडल्या.

"मला कशाचं सपान पडायलंय?" बाबुराव रडकुंडीला आले.

"चेअरमनकीनं!" आप्पा म्हणाले, आणि सगळी सोसायटी हसली.

दोनशे चौदाव्या पानावर सगळ्या पेनी एकदम थरथरल्या होत्या. आणि समासात, धर्मेंद्रच्या बारीक अक्षरात, गुजरातीत काही लिहिलं होतं. आप्पा सुरतेत राहून गुजराती वाचायला शिकले होते, पण सावकाश. त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग परत वाचलं.

'दर्दी ऊंघमां बोल्या,' म्हणजे पेशंट झोपेत बोलला, असं लिहिलं होतं, आणि पुढे, धर्मेंद्र घरी अहिराणीच बोलणारा, म्हणून ते शब्द जसेच्या तसे: 'तार तुटनी. आनंदा, ताका परत धाडना पडी.'

आप्पांचा हात कागदावर तसाच राहिला. परभणीचा माणूस झोपेत 'तुटनी' म्हणत नाही. आणि आनंदा कोण, हे त्याला ठाऊकही नव्हतं.

"आकडा सांगा ना, मामंजी," सुषमा म्हणाली.

आता सांगायला हवं, की आप्पांना त्या क्षणी काय काय दिसलं. खिशात डॉक्टरांचा लिफाफा होता, त्यात ते पूर्ण जागे होते. धर्मेंद्र पलसाण्याला गेला होता. समासातलं ते बारीक अक्षर चार हातांवरून कोणाला दिसत नव्हतं. पान उलटायचं, 'स्वप्न' म्हणायचं, की झालं. नियम टिकत होता, शब्द टिकत होता, चेअरमनकी तर आपोआप चालत येत होती. इतका सोपा ताका पास करायची वेळ त्यांच्यावर एकतीस वर्षांत आली नव्हती. मी आप्पांना फारसं मानत नाही, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. ते हट्टी होते, ढोंगी होते, आणि बायकोला त्यांनी अकरा वर्षं चोरपावलांनी चालवलं होतं. पण टेबलाशी उभे असताना ते वेगळे होत. त्यात त्यांचा स्वतःचाही इलाज नव्हता.

त्यांनी समासातलं वाक्य मोठ्यानं वाचलं. आधी गुजराती, मग अहिराणी. 

कोणाला काही कळलं नाही. उषाबाईला कळलं. ती उठून उभी राहिली.

"हाऊ ताका चेअरमनना नही," आप्पा म्हणाले. "मन्हा शे. नंबर उलटापालट व्हयनात. त्या लिफाफामजारला जागा माणूस, तो बाबुराव."

गल्ली गप्प झाली. एक ते चारच्या नियमानंही इतकी कधी झाली नव्हती. मग आप्पांनी कानावरची पेन्सिल काढली आणि बाबुरावांच्या पुढे धरली. "आपला ताका आपण तपासाना नही. फुढे तुम्ही तपासा."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, राहू द्या आप्पा, झालं ते झालं. बाबुराव तसले नव्हते. त्यांनी खुर्ची झटकली, टेबलाशी ओढली आणि उरलेली एकशे सेहेचाळीस पानं एकही न गाळता तपासली. प्रत्येक आकडा ते खणखणीत आवाजात सांगत होते, आणि दोनशे नव्वदाव्या पानावर तर त्यांनी मंगलाबाईंचं मतही घेतलं. शेवटी पाटीवर आलं: जागी पानं एकवीस, बाकी सगळी झोप. आप्पा टेबलाच्या टोकाशी उभे राहून आपलाच कागद घडी घालून घेत होते, एकाही घडीला सुरकुती पडू न देता.

घरी गेल्यावर ते खाटेवर बसले. उषाबाई समोर उभी राहिली. ती बोलणार हे त्यांना ठाऊक होतं आणि काय बोलणार हेही, असं त्यांना वाटत होतं.

"अकरा वरीस मी ह्या घरमा चोरनामायक चालनू," ती म्हणाली. "कुकर लावा नही. बांगड्या वाजू दिध्यात नही."

आप्पांनी खाटेवरची चादर सरळ केली.

"आनि तुम्ही अकरा वरीस झोपमाबी मन्हा भाऊनाच ताका परत धाडी राहिनात?"

"रोज," आप्पा म्हणाले. "रोज तोच ताका येस. देखस, तर तार तुटेलच ऱ्हास. काय करू मी?"

 उषाबाई खाटेच्या कडेला बसली. "त्या दिनले मले वाटनं, मन्हा भाऊ शे म्हणीसन धाडात तुम्ही. दुनियाले दखाडाले. आज सोताना ताकाबी धाडी दिधा." तिनं पदरानं डोळे पुसले. "त्याले पत्र लिखा. राखीले ये म्हणा. सांगा, ताई बलाई राहिनी म्हणीसन. आनि खाले तुमनं नाव लिखा."

पत्र त्याच संध्याकाळी लिहिलं गेलं. त्यात खाडाखोड फार झाली, आप्पांना सवय नव्हती.

सोमवारी आप्पा चौकीत गेले. "ऊंघतो हतो," म्हणाले. हवालदारानं दोन मिनिटांत जबाब लिहून घेतला. झोपलेल्या माणसाला कागदावर जागा आधीपासूनच होती. पंधरवड्यात विमेवाल्यांचा होकार आला, नवी मोटर बसली आणि तिच्याभोवती बाबुरावांनी लोखंडी पिंजरा केला. पिंजऱ्यावर त्यांनी स्वतःचं नाव रंगवून घेतलं. एक ते चारचा नियम रद्द झाल्याची नोटीस त्याहून मोठ्या अक्षरात लागली. डॉक्टर जरीवाला मात्र रोज निरोप पाठवत होते, की काकांना कागद तपासायला नोकरीवर पाठवा, आणि आप्पा रोज कळवत होते, की विचार करतो.

मोटर बसली त्या दिवशी दुपारी दीड वाजता सुषमाचं पिको-फॉल दणदणत होतं, अंगणात पोरांचा चेंडू भिंतीवर आपटत होता, आणि आप्पा जेवून खाटेवर पडले होते. डोळे मिटलेले. उषाबाईनं तुरीची डाळ धुतली, कुकरमध्ये टाकली, झाकण लावलं आणि हात कमरेवर ठेवून दारात उभी राहिली. पहिली शिट्टी झाली. आप्पांच्या पापणीचा केसही हलला नाही. दुसरी झाली. पाणी भरायला आलेले बाबुराव खाटेशी थांबले, वाकून त्यांनी आप्पांचं तोंड पाहिलं आणि उषाबाईकडे बघून चार बोटं वर केली. तिसरी झाली.

डाळ तीन शिट्ट्यांत शिजते. उषाबाईनं चौथी होऊ दिली.